मांजराच्या नावावर

चहावर साय धरली तरी कुणी कपाला हात लावला नव्हता. खराडेकाका खुर्चीच्या कडेवर बसले होते, टेकायचे की उठायचे हे ठरत नसल्यासारखे. सिंधूकाकू पदराच्या टोकाला पीळ घालत होत्या आणि सोडवत होत्या. आई स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभी होती. ज्या विषयामुळे ही शांतता पडली होती तो विषय, आमचे काळे मांजर, आमच्या मधल्या मोकळ्या फरशीवरून शेपूट उभी धरून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत गेला.

काकांनी पाय आवरून घेतले.

"बघा," ते अखेर म्हणाले, "घरातसुद्धा आडवंच जातंय."

मी हसले. बाकी कुणी हसले नाही.

कृष्णाकाठच्या एका साखर कारखान्याच्या वसाहतीत आम्ही तेव्हा राहत होतो. बाबा तिथे पॅनमन होते. उकळत्या रसात साखरेचा पहिला दाणा कधी धरतो हे काचेतून पाहत बसण्याचे त्यांचे काम. मी शाळेत असताना ते गेले, आणि संचालक मंडळाने आईला टेलिफोनच्या बोर्डावर घेतले. कायम नव्हे, हंगामी. दसऱ्याच्या सुमारास ऑर्डर निघायची आणि ऑर्डर हातात असेल तोवर डोक्यावर क्वार्टरचे छप्पर असायचे. दरवर्षी पाऊस ओसरू लागला, की आई पोस्टमनच्या सायकलीकडे निराळ्या नजरेने पाहू लागे.

मांजर माझे. कारखान्याच्या मळीच्या टाकीपाशी पिल्लू असताना सापडलेले, म्हणून तिचे नावही मळी. साखर निघून गेल्यावर जो काळा, दाट रस उरतो, तसाच तिचा रंग होता, आणि उन्हात त्यातून तांबूस झाक वर येई. पहाटे ती खिडकीतून बाहेर पडे, पिळलेल्या उसाच्या चोयट्यांच्या, बगॅसच्या, ढिगावर उंदीर मारी आणि ऊन तापल्यावर मालकिणीसारखी परत येई. तिच्या जाण्यायेण्याचा हिशेब तिला कुणी कधी विचारला नव्हता.

"सोमवारी बॉयलर पेटायचा," काका आईकडे बघत म्हणाले. "यंदा पूजेला आम्ही उभयता बसणार. देवळातनं मिरवणूक निघणार ती तुमच्या दारावरनंच. गेल्या साली मांजर आडवं गेलं, आणि हंगाम धड सुरू व्हायच्या आत ऊस आत नेणाऱ्या केन कॅरिअरची साखळी तुटली. गाड्यांत ऊस वाळला. माणसं विसरत न्हाईत, वैनी."

"काका, साखळीला वेळेवर तेल दिलं नसेल," मी म्हणाले. "मळीनं चावून तोडली नाही ती."

"तू कॉलेजात शिकलीस, पोरी. मी साखळीपाशी शिकलो. साखळी कशानंबी तुटती."

"मग कशानंही तुटते तर मांजरच का?"

"वैजू," आई म्हणाली.

काका हेड टाइमकीपर होते. कारखान्यातल्या माणसांच्या वेळा ठरवता ठरवता त्यांच्या बोलण्यालाही भोंग्यासारखी शिस्त आली होती. पण त्या संध्याकाळी ते अडखळत होते. "वैनी, तुम्ही फक्त एवढं करा. मिरवणूक गेटातनं आत जाईस्तवर मांजर घेऊन घरात बसायचं. दार लावून. ते तुमच्याशिवाय कुणापाशी ऱ्हात न्हाई, म्हणून तुम्हाला सांगायचं."

"बसते," आई म्हणाली.

एवढेच. काकांनी थंड चहा एका घोटात संपवला. उठता उठता, जणू आत्ताच आठवल्यासारखे, ते म्हणाले, "ऑर्डरी साहेबांच्या टेबलावर पडल्यात. सोमवार पार पडला की सह्या होतील. तुमची मी वर ठेवलीय."

सिंधूकाकूंनी जाताना आईच्या हाताला हात लावला. तो हात जरा जास्त वेळ तिथे राहिला. मला त्याचा अर्थ तेव्हा लागला नाही.

मी त्या उन्हाळ्यात बी.ए. होऊन सांगलीच्या वसतिगृहातून घरी आले होते. एका लघुनियतकालिकात माझ्या दोन कविता छापून आल्या होत्या आणि जगातल्या प्रत्येक बंद दाराविरुद्ध माझ्यापाशी एकेक ओळ तयार होती.

"एवढ्या पटकन हो म्हणालीस?"

"एका सकाळचं तर आहे."

"कोंडलेल्या जिवाला ती एकच सकाळ असते."

आईने कप उचलले. "हे छापून आलंय का, यायचंय?"

"थट्टा करू नकोस. तिनं कुणाचं काय बिघडवलंय? ज्याला आडवं जायची भीती आहे त्यानं घरात बसावं. काकांनी बसावं कडी लावून."

"काका बसले तर पूजा कोण करणार?" आई म्हणाली, आणि नळ सोडून तिने पुढचे बोलणे पाण्यात बुडवले.

त्याच संध्याकाळी तिने रंगीत तालीम घेतली. खिडकी लावली, दार लावले. मळीने आधी विश्वासच ठेवला नाही. खिडकीखाली बसून ती आमच्याकडे आळीपाळीने बघत राहिली. चूक आमच्या लक्षात येईल आणि आम्ही ती दुरुस्त करू, असा सभ्य अवधी तिने आम्हाला दिला. मग ती ओरडू लागली. भुकेचे किंवा दुखण्याचे ते ओरडणे नव्हते. रिकाम्या घरात कुणी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारावा तसे होते. आई पाठ फिरवून भाजी निवडत होती. तिच्या बोटांतून मेथीची पाने आणि देठ दोन्ही एकाच ताटात पडत होते. थोड्या वेळाने तिनेच उठून खिडकी उघडली.

"सोमवारी नाही उघडायची," ती मळीला म्हणाली. मला नव्हे.

मला तोडगा सुचला तो दुसऱ्या दिवशी सकाळी. रविवारी मळीला टोपलीत घालून सांगलीला मैत्रिणीकडे न्यायचे, मंगळवारी परत आणायचे. मिरवणूक निर्विघ्न, मांजर मोकळे. आईला सांगितले तर ती म्हणाली, "नको. मांजर इथंच राहू दे." इतक्या झटकन म्हणाली, की मला वाटले, हिचा तिच्यावर माझ्यापेक्षा जास्त जीव आहे. तिला न विचारताच मी खराड्यांकडे गेले.

काका ड्यूटीवर होते. सिंधूकाकू ओट्यावर बसून चिंचेने तांब्याचा कलश घासत होत्या. मी माझी योजना विजयी मुद्रेने सांगितली. त्यांचा हात थांबला.

"कशाला उगाच? मुकं जनावर. घरातच ऱ्हाऊ दे की."

"अहो काकू, तुम्हालाच ते आडवं जायला नको होतं ना? इथं नसलंच तर जाईल कसं?"

"तसं न्हवं गं." त्यांनी कलश उगाच उलटा केला, सुलटा केला. "मांजर न्हेलंस, मग शालनवैनी?"

"आईचं काय?"

"त्या मग घरात काय म्हणून बसतील?"

समोरच्या झाडावर कावळे ओरडत होते. मी त्यांच्याकडे बघत राहिले. वाक्य ऐकू आले होते. ते आत पोचायला वेळ लागत होता.

"गेल्या साली आडवं कोण गेलं होतं, काकू?"

चिंचेचा चोथा त्या नुसत्याच बोटांत कुस्करत राहिल्या. डोळे मात्र भरले.

"वैनी ड्यूटीवरनं येत होत्या. बदलीचं माणूस लवकर आलं, म्हणून लवकर सुटल्या. मिरवणूक बघून थांबायचं त्यांच्या ध्यानात आलं न्हाई. गेल्या आपल्या समोरनं. पुढं साखळी तुटली आणि माणसं बोलाय लागली. तवा ह्यांनीच सगळ्यांस्नी सांगितलं, मांजर गेलं, मी डोळ्यांनी बघितलं. वैनींवर बोल यायला नको म्हणून. आम्ही वाईट न्हाई गं, वैजू."

"आणि त्याच्या आधीची वर्षं?"

"ह्यांनी ड्यूटीच तशी लावायची. पहाटेची. मिरवणूक आत गेली, की सुट्टी. यंदा टेलिफोनचा बोर्ड बदलायलेत, वैनींची ड्यूटी उसाची पहिली मोळी टाकल्यावर सुरू होणार. मग त्या सकाळी घरात बसवायचं कसं? सवाष्णीला बोलवायचं आणि त्यांना नको म्हणायचं, हे तोंडावर कसं बोलायचं? ह्यांना चार रात्री झोप न्हाई. शेवटी म्हणाले, मांजराच्या नावावर सांगू."

त्या खरेच वाईट नव्हत्या. बाबा गेले तेव्हा आमच्या घरी भाकरी याच बाईच्या चुलीवरून आल्या होत्या. दुष्टपणाला तोंड कसे द्यायचे हे मी पुस्तकांतून शिकले होते. पण हा अपमान घडी घालून, इस्त्री करून, दोन्ही हातांनी अदबीने पुढे केलेला होता. त्याला लाथ कुठे मारायची तेच कळेना. मी घरी आले.

आई भाकरी थापत होती. मी सगळे सांगितले. माझा आवाज चढत गेला, तिच्या हाताखालच्या भाकरीचा गोल मात्र जराही बिघडला नाही.

"मला ठाऊक आहे," ती म्हणाली.

"काय ठाऊक आहे?"

"सगळं. पहिल्या सालापासून. 'मगदूमबाईंना त्या दिवशी पहाटेची लावा, सूर्य वर येईस्तवर सोडू नका.' साहेबांनी बंगल्यावरनं खराडेभाऊजींना फोन केला होता. जोडून कुणी दिला? मीच."

तिने भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवले.

आईचा आवाज त्या वसाहतीत सगळीकडे जात असे. चेअरमनच्या बंगल्यात, लग्नघरात, बाळंतिणीच्या खोलीत. कुणाला मुलगा झाला, कुणाच्या वऱ्हाडाचा टेंपो भरून निघाला, कुणाची सोयरीक जमली, सगळ्या शुभ वार्ता आधी तिच्या कानातून जात आणि मगच त्या त्या घरी पोचत. आवाजाला कुंकू विचारले जात नव्हते.

"आणि तू गप्प बसलीस?"

"ऑपरेटरनं ऐकलेलं बोलायचं नसतं. पहिल्याच दिवशी शिकवतात."

"ही नोकरी नाही, आई! हे…"

"नोकरीच आहे. आणि ती नसली तर आपण कुठं जाणार? तुझं सर्टिफिकेट अंथरून नदीच्या पुलाखाली झोपायचं?" तिने भाकरी उलटली. "ऑर्डरीवर सही होऊ दे. तुला कुठं शाळेत लागू दे. मग काय बोलायचं ते बोल."

"मग निदान मळीला सोड. तिला कशाला शिक्षा?"

आईने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिले. चुलीच्या धगीने तिचा चेहरा तांबडा झाला होता.

"मांजर आत असेल तर मी मांजरासाठी आत बसते," ती म्हणाली. "मांजर बाहेर गेलं, तर मी कशासाठी आत बसले म्हणू?"

त्या प्रश्नाला माझ्यापाशी ओळ नव्हती. रविवारची टोपली रिकामीच राहिली.

सोमवारी उजाडताच वसाहत जागी झाली. रस्त्यावर सडे पडले, रांगोळ्या पडल्या. आमच्या दारासमोरची रांगोळी कुणा शेजारणीने आम्हाला न विचारता परस्पर रेखली होती. देवळाकडून हलगी सुरू झाली. आई खाटेवर बसली होती, मळी तिच्या मांडीवर. मळी अजून शांत होती, फक्त तिचे कान आवाजाच्या दिशेने वळत होते. खिडकी बंद. खोलीत पहाटेचा उरलेला अंधार आम्ही जपून ठेवल्यासारखा होता.

दाराबाहेर पावले वाजली.

"वैनी," खराडेकाकांचा आवाज आला. नव्या धोतराची सळसळ ऐकू येत होती. "मांजर हाय न्हवं आत?"

"आहे," आई म्हणाली.

"बरं झालं."

मग बाहेरची कडी हलली, कोयंड्यावरून सरकली आणि बसली.

"मांजरानं ढकललं तर दार उघडाय नको," काका दारापलीकडून म्हणाले. "मिरवणूक गेली की लगेच काढतो."

पावले लांब गेली. आई तशीच बसून होती. तिचा हात मळीच्या पाठीवर मध्येच थांबला होता. मी तिच्याकडे बघत होते आणि मला दिसले, की तिचा चेहरा बदलत नव्हता, नुसता स्वच्छ होत होता, पुसलेल्या काचेसारखा. आजवर जे काही तिने केले होते ते तिने स्वतः केले होते. गप्प बसली तीही, ड्यूटीवर गेली तीही, दार लावून घेतले तेही. कडी मात्र दुसऱ्याने लावली होती.

ती उठली. मळी मांडीवरून फरशीवर उतरली.

"वैजू, मागच्या दारानं जा आणि पुढची कडी काढ."

इतके दिवस मीच भांडत होते. पण त्या घडीला माझ्या तोंडून निघाले, "आई, ऑर्डर…"

"कडीत बसायची ऑर्डर मला कुणी दिलेली नाही," ती पायात चपला सरकवत म्हणाली. "जा."

पुढे काय झाले ते इथेच सांगून टाकते, म्हणजे कुणी त्याची वाट पाहायला नको. त्या हंगामाची ऑर्डर आली नाही. साहेबांच्या टेबलावर सह्या झाल्या, आईचे नाव तेवढे राहून गेले. दिवाळीनंतर आम्ही क्वार्टर सोडले आणि इचलकरंजीत एका मागच्या खोलीत संसार मांडला. आईने तिथे एका दवाखान्यात फोन घेतले, सूत गुंडाळले, शिकवण्या लागेपर्यंत मला पोसले. मळी टोपलीतून आमच्याबरोबर आली आणि त्या गल्लीतही पहाटे खिडकीतून बाहेर पडत राहिली. त्या सकाळी आईला यातले काय दिसले होते, मला ठाऊक नाही. मला वाटते, सगळेच दिसले होते.

मी कडी काढली. आईने दार सताड उघडले.

मिरवणूक शेजारच्या ओळीपाशी पोचली होती. पुढे हलगी, मग लेझीम घेतलेली माणसे, मग डोक्यावर कलश घेतलेल्या सिंधूकाकू आणि हातात पूजेचे ताट धरलेले काका. मागे सगळी वसाहत. ऊन नुकतेच रस्त्यावर आले होते.

मळी उंबऱ्यापर्यंत गेली. तिने बाहेर पाहिले, नाक वर करून गुलालाचा वास घेतला, आणि उंबऱ्यावरच बैठक मारून पंजा चाटू लागली.

"बघ," आई मला म्हणाली, "हिला आज जायचंच नाही."

आणि मळीला ओलांडून ती पायऱ्या उतरली.

ती धावली नाही. ताठून चालली असेही नाही. ड्यूटीला जाताना जशी चालायची, पदर खांद्यावर नीट घेऊन, तशीच ती रस्त्यावर आली आणि मिरवणुकीच्या समोरून, या कडेपासून त्या कडेपर्यंत, रस्ता पार करू लागली.

हलगीवाल्याचे हात हवेतच राहिले. लेझीम एकदम थांबली नाही. एकेक करून गप्प होत गेली आणि शेवटची एक उगाच छनछनून लाजली. पुढची म्हातारी माणसे रीतीप्रमाणे चार पावले मागे सरू लागली, मागच्यांना काय झाले ते कळेना म्हणून ते पुढे रेटू लागले, आणि मधल्या मध्ये सिंधूकाकूंच्या डोक्यावरचा कलश हिंदकळून पाणी त्यांच्या कपाळावरून, नाकातल्या नथीवरून ओघळले. त्यांनी ते पुसले नाही. त्या आईकडे बघत होत्या. त्यांच्या डोळ्यांत राग मी शोधला. मला सापडला नाही.

"पुढं चला!" कुणीतरी ओरडले.

"पुढं कसं? समोरनं गेल्यात की!"

"अरे मग माघारी फिरा!"

"आगीचा मुहूर्त टळंल, माघारी काय फिरा!"

सगळ्यांच्या नजरा काकांवर खिळल्या. त्यांनी ताट एका हातावर घेतले, दुसऱ्या हाताने टोपी सावरली. माणसांच्या वेळा ठरवणाऱ्या त्या माणसाला पुढचे एक पाऊल ठरवता येत नव्हते. आई आता पलीकडच्या कडेला पोचली होती, वजनकाट्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी.

"वैनी!" ते ओरडले. आवाजात धाक नव्हता. होती ती केवळ अगतिकता. "अहो वैनी! आता तुम्हीच सांगा. आम्ही पुढं जायचं, का माघारी?"

आई तशीच वजनकाट्याच्या रस्त्याला लागली आणि बैलगाड्यांच्या जुन्या चाकोऱ्यांमधून, मागे न बघता, चालत गेली.